गुण आला

चढावर दात दुखत नाहीत, हे मला एका दंतवैद्यानं सांगितलं तेव्हा मी त्याला मनातल्या मनात मूर्ख म्हणालो.

माझा डावा जबडा दुखत होता. रोज सकाळी अजिंक्यताऱ्याचा चढ सुरू झाला की दुसऱ्या वळणानंतर ठणका लागायचा, आणि पाच मिनिटं कठड्याला टेकून उभं राहिलं की आपोआप थांबायचा. दाढ किडली असणार, हे निदान मी स्वतःच करून गेलो होतो. त्या तरुण डॉक्टरनं एकेक दात ठोकून पाहिला आणि म्हणाला, “सर, दाढेला चढ-उतार कळत नाही. तुम्ही हृदय तपासून घ्या.” मी त्याला दाढ काढायला सांगितली. त्यानं नकार दिला. घरी येऊन मी बायकोला, विजयाला, म्हणालो की हल्ली कोणालाही डॉक्टर करतात.

मी दिनकर खटावकर. साताऱ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून बुवाबाजीविरुद्ध प्रयोग दाखवले. रिकाम्या मुठीतून राख काढायची, जिभेवर कापूर जाळायचा, मग त्यामागची हातचलाखी उलगडून सांगायची. दर गावात एखादी बाई किंवा म्हातारा उठून म्हणायचाच, “पण सर, मला गुण आला.” त्यावर माझं उत्तर ठरलेलं होतं. एका माणसाला गुण आला हा पुरावा नव्हे. तेवढेच आजारी असलेले दोन गट घ्या, एकाला अंगारा द्या, दुसऱ्याला चुलीतली राख द्या, कोणाला काय दिलं हे कोणालाच कळू देऊ नका, आणि मग मोजा. लोक गप्प बसायचे. त्यांना पटलं म्हणून नव्हे, तर मी त्यांना किती हलकं समजतो हे त्यांना दिसायचं म्हणून. हे मला आता कळतं.

दंतवैद्याचं ऐकायला मला तीन महिने लागले, आणि तेही माझ्या अकलेनं नाही. माझा शाळेपासूनचा मित्र जयसिंग फडतरे मला ओढून घेऊन गेला. जयसिंग एसटीच्या कार्यशाळेत फोरमन होता. चढावर त्याच्या छातीवर कुणीतरी दगड ठेवल्यासारखं व्हायचं, आणि वर्षभर तो त्याला गॅस म्हणत होता. शेवटी सुनेनं दटावलं तेव्हा तो हृदयतज्ज्ञ डॉ. नाझिमा मुजावर यांची वेळ घ्यायला निघाला आणि जाताना माझंही नाव लावून आला.

ही गोष्ट दोन हजार सदतीस सालची. डॉक्टरांनी आम्हाला फिरत्या पट्ट्यावर चालवलं, मग यंत्रात झोपवलं. त्या यंत्रानं प्रत्येकाच्या हृदयाचा नकाशा काढला आणि कोणत्या रक्तवाहिनीतून किती रक्त वाहतं याचं गणित पडद्यावर रंगांत मांडलं. दोघांच्याही एकेका वाहिनीत अरुंद जागा होती. माझी सत्तर टक्के भरलेली, जयसिंगची थोडी कमी.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं. हृदय हा स्नायू आहे आणि त्यालाही रक्त लागतं. तुम्ही बसलेले असता तेव्हा अरुंद वाटेनंही पुरेसं पोचतं. चढ लागला की मागणी वाढते, वाट तेवढीच राहते, आणि स्नायू ओरडतो. कोणाच्या छातीत, कोणाच्या हातात, कोणाच्या जबड्यात. थांबलं की मागणी उतरते आणि दुखणं जातं. ठरावीक श्रमाला येतं, ठरावीक विश्रांतीनं जातं, म्हणून हा स्थिर प्रकार. झटका ही वेगळी गोष्ट. वाहिनीच्या भिंतीत साचलेला मऊ थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि वाट एकदम बंद होते. तो थर बऱ्याचदा या अरुंद जागेत नसतोच, भलतीकडे असतो. म्हणून एक जागा रुंद केली तर चढ सोपा होऊ शकतो, आयुष्य वाढेलच असं नाही. आयुष्याची राखण गोळ्या करतात, कारण त्या सगळ्याच भिंतींवर काम करतात.

“म्हणजे जन्मभर गोळ्या,” मी म्हणालो.

“आणि चालणं. आणि फडतरेकाका, तंबाखू बंद.”

जयसिंगनं खिशातली पुडी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि परत कधी हात लावला नाही. मला ते सगळं फार मिळमिळीत वाटलं. वाट अरुंद असेल तर ती रुंद करा, हे साधं भौतिकशास्त्र आहे. गोळ्या गिळत बसणं भित्र्यांचं काम. मी तसं बोललोही. डॉक्टरांनी मग कणिकांच्या चाचणीबद्दल सांगितलं. आग्रह केला नाही, कागद दिले आणि नीट वाचायला सांगितलं.

कणिका म्हणजे लोहाचे अतिसूक्ष्म गोळे. एका केसाच्या जाडीत हजारेक मावतील. त्यांच्यावर असं एक प्रथिन चढवलेलं असतं की ते भिंतीत साचलेली चरबी हळूहळू विरघळवून रक्तात सोडतं. मनगटातून पोकळ तार घालून त्या हृदयाच्या वाहिनीत सोडायच्या आणि बाहेरून चुंबकानं अरुंद जागेपाशी धरून ठेवायच्या. दीड-दोन महिन्यांत वाट मोकळी. गुण किती येतो हे पाहायचं म्हणून निम्म्या लोकांना कणिका मिळणार होत्या आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. तार तीच, चुंबक तोच, त्याची घरघर तीच. चिठ्ठी संगणक काढणार, कुपी झाकलेली येणार, डॉक्टरांनाही कळणार नाही. गोळ्या मात्र दोन्ही गटांनी चालू ठेवायच्या. दोन वर्षांनी सगळं उघड होणार.

मी आयुष्यभर गावोगाव सांगत आलो होतो तोच हा प्रयोग. जयसिंगला मी फुशारकीनं म्हणालो की मला काय मिळालं हे मी नक्की ओळखीन.

आम्ही दोघांनीही नावं दिली, आणि एकाच दिवशी, लागोपाठ, आमचं झालं. चुंबक सुरू झाल्यावर माझ्या छातीत डावीकडे ऊब पसरली, अगदी स्पष्ट. बाहेर येऊन मी जयसिंगला विचारलं. तो म्हणाला, “मला काय कळलं न्हाई. झोप लागली.”

पंधराव्या दिवशी मी दुसरं वळण न थांबता ओलांडलं. महिन्याभरात किल्ल्याच्या दरवाजापर्यंत गेलो. जबडा गप्प होता. मनगटावरची पट्टी माझी पावलं आणि ठोके मोजत होती आणि आकडे दर आठवड्याला चढत होते. जयसिंग मात्र तिसऱ्या वळणावर छातीला हात लावून बसायचा, जिभेखाली गोळी ठेवायचा आणि आम्हाला पुढे व्हायला सांगायचा.

आम्ही सातआठ जण रोज चढायचो. त्यांना मी तिथल्या तिथे समजावलं की विज्ञान कसं असतं बघा. एकाच वयाची दोन माणसं, एकच रोग, एकाच दिवशी उपचार. एक चढतोय, एक बसतोय. मला मिळाल्या कणिका, याला मिळालं सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी. दुसऱ्या दिवसापासून मी त्याला सलाईन फडतरे म्हणू लागलो. लोक हसले. जयसिंगही हसला, पहिले काही दिवस.

त्या दरम्यान मी गोळ्या सोडल्या. वाट मोकळी झाली असताना त्या कशाला? चाचणीच्या तक्त्यात मात्र दर आठवड्याला “घेतल्या” अशी खूण करत राहिलो. विजयानं भरलेली पाकिटं पाहिली आणि विचारलं. मी तिला सांगितलं की तुला यातलं काही कळत नाही.

मग आमच्या महाविद्यालयानं विज्ञान दिनाला मला व्याख्यानाला बोलावलं. विषय मीच दिला, कणिका. सभागृह भरलं होतं. चढावरची सगळी मंडळी आली होती, जयसिंगही आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून पुढून तिसऱ्या रांगेत. मी आधी शास्त्र सांगितलं, चांगलं सांगितलं. गोळ्या गिळत बसणं भित्र्यांचं काम, हेही सांगितलं. मग माझ्या पट्टीचे आकडे पडद्यावर टाकले. नंतर म्हणालो की कोणत्याही प्रयोगाला तुलनेचा गट लागतो, आणि माझ्या सुदैवानं तो आज इथं हजर आहे. मी जयसिंगला उभं राहायला सांगितलं.

तो उभा राहिला. पोरांनी माना वळवल्या. मी त्याच्याकडे बोट दाखवून त्याचे आकडे सांगितले. किती पावलांवर दुखतं, आठवड्यातून किती वेळा गोळी लागते. सगळं त्यानंच मला मित्र म्हणून सांगितलेलं. “मिठाच्या पाण्यानं एवढंच होतं,” असं म्हणालो आणि सभागृह हसलं. मग पुढच्या मुद्द्याकडे वळलो. त्याला बस म्हणायचं राहून गेलं. किती वेळ तो उभा होता मला ठाऊक नाही. प्रश्नोत्तरांच्या वेळी पाहिलं तर खुर्ची रिकामी होती.

घरी परतताना विजया एकच वाक्य बोलली. “जयसिंगभाऊजींना बसा तरी म्हणायचंत.”

जयसिंग पुन्हा चढाला आला नाही. मीही गेलो नाही त्याच्याकडे. त्याला वाईट वाटलं असेल तर तो त्याचा कमकुवतपणा, असं मी स्वतःला सांगितलं, आणि लोकांना सांगितलं की सत्य सगळ्यांना पचत नाही. दीड वर्ष हे असंच चाललं. एकाच पेठेत राहून आम्ही एकमेकांना टाळत होतो.

दोन वर्षं पूर्ण झाली आणि डॉ. मुजावरांनी मला बोलावलं. नवं चित्र आदल्या आठवड्यात काढलं होतं. त्यांनी जुनं आणि नवं शेजारी शेजारी लावलं आणि सरळ सांगितलं की मला मिठाचं पाणी मिळालं होतं.

मी म्हणालो, कुप्यांची अदलाबदल झाली असणार. त्यांनी कुपीचा क्रमांक दाखवला. मी म्हणालो, संगणक चुकला असेल. त्यांनी पडद्यावरच्या लाल जागेवर बोट ठेवलं. ती सत्तर टक्के होती, आता पंचाहत्तर झाली होती. मी आवाज चढवला. इतकी वर्षं डॉक्टरकी करून साधी नोंद ठेवता येत नाही का, असं काहीतरी बोललो. त्या ऐकून घेत राहिल्या.

“मग दोन वर्षं मी चढलो ते काय होतं?”

“चढलात ते खरंच आहे, सर. तुमचं दुखणं खोटं नव्हतं आणि आरामही खोटा नव्हता. फक्त कारण तुम्ही सांगत होता ते नव्हतं.”

त्यांनी समजावलं. भीती गेली की नाडी मंद राहते, छाती मोकळी होते, माणूस नकळत पावलं बेतानं टाकतो. आणि हृदयाकडून आलेला ओरडा किती ऐकायचा हे शेवटी मेंदू ठरवतो. मिठाच्या पाण्याच्या गटात कितीतरी जण माझ्यासारखेच चढले होते. कणिकांचा गट त्यांच्यापेक्षा थोडा जास्त चढला होता, पण थोडाच. झटके आणि मृत्यू दोन्ही गटांत सारखेच होते. दोन्ही गटांत ज्यांना झटके आले त्यांच्यात गोळ्या सोडलेले जास्त होते.

मी विचारलं, जयसिंगचं काय? त्याचं ते सांगणार नाहीत, त्यालाच विचारा, असं त्या म्हणाल्या. मग माझा तक्ता पुढे ओढून त्यांनी विचारलं की गोळ्या खरंच घेतल्या होत्या का, कारण रक्तातले आकडे वेगळं सांगतात.

मी नाही म्हणालो.

त्या रागावल्या नाहीत. पेन उचललं आणि माझ्या नावापुढच्या दोन वर्षांच्या सगळ्या खुणा खोडल्या. “तुमच्यामुळे आमची एक ओळ खोटी पडली,” एवढंच म्हणाल्या. एकतीस वर्षं मी पोरांना शिकवलं होतं की प्रयोगात खोटी नोंद करणाऱ्याला वर्गात जागा नाही. मी मान खाली घालून गोळ्यांची नवी चिठ्ठी घेतली.

पाण्याच्या गटातल्यांना आता खऱ्या कणिका देणार होते. मी विचारलं की घेतल्या आणि बरं वाटलं तर ते कणिकांमुळे हे मला कसं कळणार?

“नाही कळणार,” डॉक्टर म्हणाल्या. “आराम पडेल कदाचित. तेवढं पुरत नाही का तुम्हाला?”

मी विचार करून सांगतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा चढाला गेलो. दुसरं वळण यायच्या आधीच जबड्यात ठणका आला. कालपर्यंत नव्हता. वाहिनी एका रात्रीत अरुंद होत नाही. बदललं होतं ते फक्त मला जे ठाऊक झालं ते. मी कठड्याला टेकलो. मंडळी थांबली तेव्हा मी सगळं सांगून टाकलं, की मला पाणी मिळालं होतं, मी चूक होतो.

कुणी विश्वास ठेवला नाही. टपाल खात्यातून निवृत्त झालेला रामचंद्र निकम माझ्या व्याख्यानानंतरच तपासून आला होता, त्यालाही हाच आजार निघाला होता. तो म्हणाला, “सर, त्यांची नोंद चुकली असणार. तुम्ही आमच्या डोळ्यांदेखत चढत होता की.” मी म्हणालो की डोळ्यांदेखत हा पुरावा नव्हे. तो हसला. मग सहज बोलून गेला की त्यानंही वर्षभर गोळ्या बंद ठेवल्यात, कणिका बाजारात आल्या की घेईल, तोवर कशाला पोटात विष घालायचं.

“गोळ्या कोणी बंद करायला सांगितल्या?”

“तुम्हीच नाही का म्हणालात, भित्र्यांचं काम म्हणून?”

मी त्याच्या घरी तीनदा गेलो. आकडे घेऊन गेलो, आलेख काढून नेला. त्याची बायको चहा करायची, तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, “सर, तुमचा जोर कमी झालाय, बाकी काही नाही.” तिसऱ्या वेळी तो ज्या नजरेनं माझ्याकडे बघत होता ती मी लगेच ओळखली. गावोगावच्या सभांत मी तसाच बघायचो. डॉक्टरांनीही त्याला फोन केला. तो गेला नाही.

तेव्हा मी जयसिंगकडे गेलो. दीड वर्षानंतर.

तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मला बघून उठला नाही, दुसऱ्या खुर्चीकडे हात केला. मी उभ्यानंच सांगितलं. मला पाणी मिळालं होतं, गोळ्या सोडल्या होत्या, तक्त्यात खोटं लिहिलं होतं, आणि त्या दिवशी सभागृहात जे केलं ते वाईट केलं.

तो म्हणाला, “मला कणिका मिळाल्यावत्या. परवा कळलं.”

त्याची वाहिनी मोकळी झाली होती, चित्रात स्वच्छ दिसत होती. तरी त्याला दुखत होतं. त्याचा अडथळा मोठ्या वाहिनीपेक्षा पुढच्या बारीक फाट्यांत जास्त होता. ते फाटे कोणत्याच यंत्राला दिसत नाहीत आणि कणिकांना गाठता येत नाहीत, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. त्यांनी गोळ्या बदलून दिल्या होत्या. तो रोज सपाटीवर, कालव्याच्या कडेनं, मोजून चालत होता. आता जिभेखालची गोळी आठवड्यातून एकदाच लागत होती.

“तू मला सलाईन म्हणालास, त्याचं काय न्हाई,” तो म्हणाला. “पण मला खरंच पाणी मिळालं असतं, तरी काय झालं असतं दिनू? पाणी मिळालेला माणूस हलका असतो व्हय? चिठ्ठीच होती ती.”

मी निकमबद्दल सांगितलं. म्हणालो, माझं तो ऐकत नाही, माझ्याच तोंडचं मला ऐकवतो. तू बोललास तर कदाचित ऐकेल.

जयसिंगच्या सुनेनं पाणी आणून दिलं, ते मी प्यालो. शेवटी तो म्हणाला, “जातो मी निकमकडं. त्याच्या बायकापोरांसाठी जातो. तुझं नि माझं हाय तिथंच हाय.”

तो कसा बोलला, काय बोलला, मला माहीत नाही. आलेख नेला नसणार. विजयाला निकमांच्या बायकोनं सांगितलं ते एवढंच, की फडतरे रोज सकाळी सातला येतात, निकमांसमोर बसून स्वतःची गोळी घेतात, आणि निकमांनी घ्यावी म्हणून वाट बघत बसतात. पहिले चार दिवस निकमांनी थट्टा केली. पाचव्या दिवशी घेतली. पुढच्या महिन्यात डॉ. मुजावरांकडेही गेले.

मी कणिका घेतल्या नाहीत. शौर्य म्हणून नाही. गोळ्या नीट घ्यायला लागल्यावर चारेक महिन्यांत दुखणं बरंच कमी झालं, आणि डॉक्टर म्हणाल्या की तूर्त एवढ्यावर भागतंय. गुण कशानं आला हे मी कोणाला सांगत नाही. कोणी विचारलंच तर डॉक्टरांचा पत्ता देतो.

आता मीही कालव्याच्या कडेनं चालतो, एकटाच. परवा समोरून जयसिंग आणि निकम येत होते. निकम बोलत होता, जयसिंग त्याच्या चालीशी जुळवून हळू चालला होता. मी बाजूला होऊन वाट दिली. निकमनं हात वर केला. जयसिंगनं माझ्याकडे पाहिलं, ओळखीची मान हलवली, आणि थांबला नाही.